भुतालाही नियम हवेत
वाचकांचे प्रश्न, आमची मतं

प्रश्न: हॉरर भरपूर बघतो, पण हल्ली भीती वाटतच नाही, नुसता दचकतो. वय झालं का माझं?

उत्तर: वयाचा काय संबंध, दचकवणं सोपं असतं म्हणून सगळे तेच करतात. शांतता, अजून शांतता, मग एकदम कानठळ्या बसवणारा आवाज आणि कुठूनतरी मांजर अंगावर, झालं काम. खरी भीती वाटायला समोर जे आहे ते काय करू शकतं आणि काय नाही हे आधी कळावं लागतं. 'तुंबाड' (२०१८) आठवून बघा. त्यातला राक्षस हस्तर, त्याला पिठाची भूक, त्याच्यापुढे पिठाची बाहुली टाकायची, तो तिच्यावर तुटून पडला की तेवढ्या वेळात त्याच्याकडच्या सोन्याच्या मोहरा ओरबाडायच्या आणि दोर धरून वर. बस, एवढाच नियम. पण तो कळल्यामुळे आपणच मनात सेकंद मोजायला लागतो, कुठे घोळ होऊ शकतो ते आपल्याला मोहरा काढायला उतरलेल्या माणसाच्या आधी दिसतं, आणि शेवटी हाव सुटून त्याच नियमात चलाखी करायला जातात तेव्हा तर... जाऊ दे, बघितला नसेल त्यांच्यासाठी थांबतो. याउलट जे भूत भिंतीतून येतं, फोनमध्ये शिरतं, गाडी बंद पाडतं आणि तरी हीरोला गाठायला त्याला दोन तास लागतात, त्याला काय घाबरायचं? टाइमपास करतंय ते.

प्रश्न: मित्र म्हणतो राक्षस शेवटपर्यंत दाखवूच नये. मला तर मग फसवल्यासारखं वाटतं.

उत्तर: मित्र अर्धा बरोबर आहे. 'जॉज'मध्ये (१९७५) पहिला तासभर शार्क धड दिसत नाही, आणि ते काही मुद्दाम ठरवून नव्हतं, यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा म्हणून स्पीलबर्गने पाण्यावर तरंगणारी पिवळी पिंपं आणि पार्श्वसंगीतातल्या त्या दोन सुरांवर भागवलं. भागवलं आणि सिनेमा जास्त भीतीदायक झाला. पण शेवटी शार्क वर येतोच की! उधारी ठेवा, बुडवू नका, एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न: रहस्यकथेत शेवटच्या पानावर असा खुनी काढतात ज्याचं आधी नावसुद्धा नसतं. हे चालतं का?

उत्तर: अजिबात नाही, पुस्तक भिंतीवर फेकायचा हक्क आहे तुम्हाला (लायब्ररीचं नसेल तर). रॉनल्ड नॉक्स नावाचा एक पाद्री होता, स्वतः रहस्यकथा लिहायचा, त्याने १९२९ मध्ये या प्रकाराचे १० नियमच काढले. खुनी सुरुवातीच्या भागातच येऊन गेलेला पाहिजे, डिटेक्टिव्हला जो पुरावा मिळतो तो लगेच वाचकालाही मिळाला पाहिजे, गुप्त वाट एकच, आणि जुळा भाऊ आणायचाच असेल तर आधी तशी कल्पना द्या. थोडी चेष्टा होती त्यात, पण आजच्या निम्म्या वेब सिरीज यातल्या पहिल्या नियमालाच नापास होतील. सहा एपिसोड बायकोवर संशय, आणि सातव्यात एक काका येतात!

आता कोणीतरी अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' (१९२६) काढणारच, की तिनेही फसवलंच ना. तेव्हाही बऱ्याच वाचकांनी असाच आरडाओरडा केला होता. पण ते पुस्तक शेवट माहीत असताना परत वाचा, खोटं असं एक वाक्य सापडत नाही, फक्त मधे काही मिनिटं गाळलीयत आणि आपण त्यावरून सरळ पुढे गेलो. तिने पत्ते उघडे ठेवले होते हो, आपण बघितले नाहीत. मला तर ते दुसऱ्या वाचनात जास्त आवडलं.

प्रश्न: सुपरहीरो मरतो आणि परत येतो, मग टेन्शन कसलं घ्यायचं?

उत्तर: घेऊच नका. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारलं, केवढा गाजावाजा झाला, पुढच्या वर्षी स्वारी हजर. रोग जुना आहे म्हणा, शेरलॉक होम्सलाही १८९३ मध्ये धबधब्यावर संपवून त्याच्या लेखकाला, डॉयलला, १९०३ मध्ये जिवंत करावा लागला. गंमत म्हणजे १९३८ मध्ये सुपरमॅन आला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं, फक्त लांब उड्या मारायचा. मग ताकद वाढवत नेली, एवढी की त्याला थोपवायला क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याची ताकद काढून घेणारा दगड, लागलं, आणि ते आलं रेडिओ मालिकेतून, १९४३ मध्ये, कॉमिक्समध्ये नंतर. शक्ती फुकट वाटत सुटलं की असं होतं. म्हणून मला स्पायडरमॅन जवळचा वाटतो. त्याने चोराला जाऊ दिलं, त्याच चोराच्या हातून त्याचा काका गेला, आणि कितीही जाळी फेकली तरी ते भरून येत नाही. आता मल्टिव्हर्समधून, म्हणजे समांतर विश्वांतून, प्रत्येकाची दुसरी कॉपी आणायला लागलेत, तिथे मी उठून जातो.

प्रश्न: नऊ वर्षांच्या मुलीला भुताच्या गोष्टी द्याव्यात का?

उत्तर: वाचायला द्या, दाखवू नका एवढ्यात. वाचताना मूल झेपेल तेवढंच डोळ्यासमोर आणतं, नाही झेपलं तर पुस्तक मिटतं.

प्रश्न: 'द शायनिंग' आधी वाचू की बघू?

उत्तर: आधी वाचा. स्टीफन किंगचं पुस्तक १९७७ चं, कुब्रिकचा सिनेमा १९८० चा, आणि किंगला तो आवडला नाही हे त्याने लपवलं नाही, पुढे १९९७ मध्ये स्वतः लिहून टीव्हीसाठी वेगळा करवून घेतला. त्याची तक्रार मला पटते, पुस्तकातला बाप हळूहळू मोडत जातो आणि आपल्याला त्याचं वाईट वाटतं, सिनेमातला पहिल्याच सीनपासून थोडा सरकलेला दिसतो. तरी भीतीच्या बाबतीत माझं मत सिनेमालाच, ते रिकामे कॉरिडॉर आणि तीनचाकी सायकलचा आवाज पुस्तकाला जमत नाही. फक्त क्रम उलटा करू नका, एकदा सिनेमात बाप झालेल्या जॅक निकल्सनचा चेहरा डोक्यात बसला की पुस्तकातला तो बिचारा बाप मग दिसतच नाही.