बाई, प्रयोग फसला!

वाचकांचे प्रश्न, विज्ञानाच्या बाईंची उत्तरं

तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, आता पत्रांच्या ढिगासमोर बसते. या वेळच्या ढिगात हवामानबदलावरची पत्रं सगळ्यात जास्त निघाली, म्हणून अंक त्यांनाच दिला. लांब पत्रांतलं मोजकंच इथे घेतलं आहे.

प्रश्न: मी आठवीला विज्ञान शिकवते. हरितगृह परिणाम, म्हणजे हवेतले काही वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतात ते, दाखवायला दोन बाटल्यांचा प्रयोग केला. एकीत साधी हवा, दुसरीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा घालून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड. दोन्हींत थर्मामीटर, समोर दिवा. मागच्या वर्षी कार्बन डायऑक्साइडची बाटली दोन अंश जास्त तापली होती. या वर्षी साध्या हवेची बाटली पुढे गेली. मुलं हसली. एक जण म्हणाला, "म्हणजे हे सगळं खोटंच आहे का?" मी कशीबशी वेळ मारून नेली. माझं काय चुकलं?

उत्तर: वेळ मारून नेलीत, तेवढंच चुकलं. मीही ते पुष्कळदा केलंय, म्हणून हक्काने सांगते.

खरं तर तुमचा मागच्या वर्षीचा प्रयोगही फसलेलाच होता. हवं ते उत्तर आलं म्हणून कळलं नाही, इतकंच. या प्रयोगाचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. २०१० मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी तो नीट तपासून पाहिला. कार्बन डायऑक्साइडच्या जागी त्यांनी आरगॉन वापरला. आरगॉन हा वायू अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, शोषतच नाही, तरी तोही तसाच तापला! कारण दोन्ही वायू हवेपेक्षा जड. जड वायू भांड्यात बसून राहतो, वरच्या हवेशी सहजी मिसळत नाही, त्यामुळे आतली उष्णता हवेबरोबर वर निघून जात नाही. पृथ्वी तापते ती काही अशी नाही. गणिताच्या पेपरात असतं ना, उत्तर बरोबर आणि रीत चूक, तसला प्रकार. आणि रीत चूक असली की दिवा चार बोटं सरकला तरी उत्तर उलटतं. या वर्षी तुमचं बहुधा तेच झालं.

शिवाय काच. उजेड काचेतून आरपार जातो, पण तापलेल्या जमिनीतून किंवा भिंतीतून निघणारे अवरक्त किरण काच स्वतःच गिळते. कोणता वायू उष्णतेचे किरण किती शोषतो हे मोजणारे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांना ही अडचण १८५९ मध्येच माहीत होती. वायू पितळी नळीत भरून त्यांनी नळीची तोंडं बंद केली ती खनिज मिठाच्या चकत्यांनी. हे मीठ उष्णतेच्या किरणांना अडवत नाही. मला हा तपशील फार आवडतो. मुलांना तो सांगून पाहा. मिठाची खिडकी म्हटल्यावर शेवटच्या बाकावरचाही मान वर करतो.

टिंडल यांच्या तीन वर्षं आधी, १८५६ मध्ये, युनिस फूट या अमेरिकन बाईंनी जवळजवळ तुमचाच प्रयोग केला होता. काचेची दोन नळकांडी घेतली आणि उन्हात ठेवली. साध्या हवेचं १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत गेलं, कार्बन डायऑक्साइडचं १२५ पर्यंत, आणि ते थंड व्हायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. असल्या वायूचं वातावरण पृथ्वीला ऊब देईल, असं त्यांनी लिहून ठेवलं. शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांचा निबंध वाचला तो मात्र जोसेफ हेन्री या नामवंत शास्त्रज्ञांनी. पुढे दीडशे वर्षं त्या जवळपास विस्मरणातच गेल्या. आता गंमत बघा, काचेची अडचण त्यांच्याही प्रयोगात होतीच. मग फूटबाई बरोबर होत्या की चूक? हा प्रश्न वर्गाला घाला आणि तास संपेपर्यंत गप्प बसा. गप्प बसणंच अवघड जातं, अनुभवाने सांगते.

त्या मुलालाही उत्तर द्यायचं राहिलंय. त्याला म्हणावं, बाटलीवर विश्वास ठेवू नकोस, चांगलं केलंस. आता वरून बघ. १९७० मध्ये निंबस-४ नावाच्या उपग्रहाने पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णता तरंगलांबीनुसार मोजली. त्या आलेखात १५ मायक्रोमीटरच्या आसपास मोठा खड्डा आहे. तेवढी उष्णता जमिनीवरून निघते, पण थेट बाहेर पोचत नाही, आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो तीही नेमकी तिथेच. हा आलेख छापून भिंतीवर लावा.

माझ्या फजितीचंही सांगते. समुद्रात तरंगणारा बर्फ वितळला तर पाण्याची पातळी वाढत नाही, जमिनीवरचा वितळला तर वाढते, हे दाखवायला मी दोन ग्लास मांडायची. एकात बर्फ तरंगता, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढलेल्या दगडावर ठेवलेला. पेनाने खूण करायची आणि वाट बघायची. वर्षानुवर्षं बिनचूक. मग सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, समुद्र खारा असतो, आपण साधं पाणी का घेतलं?" मी म्हटलं, काही फरक पडत नाही. तिने ऐकलं नाही. मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात ढवळलं, त्यात बर्फ सोडला, आणि मधल्या सुट्टीनंतर ग्लास माझ्या टेबलावर आणून ठेवला. पाणी खुणेच्या वर स्पष्ट दिसत होतं. खारं पाणी जड, म्हणून बर्फ त्यात कमी बुडतो, कमी पाणी सारतो. वितळल्यावर मात्र त्याला जागा जास्त लागते. १०० ग्रॅम बर्फामागे खऱ्या समुद्राच्या पाण्यात हा फरक जेमतेम अडीच मिलिलिटर, पण तिच्या त्या कडक मिठाच्या पाण्यात पंधराच्या वर. म्हणजे माझं वाक्य चूक होतं. थोडंसंच, पण चूक. मी ते फळ्यावर लिहिलं आणि तिच्या हाताने खोडायला लावलं. त्या वर्षी तो वर्ग मला एकही गोष्ट तपासल्याशिवाय बोलू देत नव्हता. फार छळलं मेल्यांनी.

प्रश्न: माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. पूर, वणवे, वितळणारे हिमनग असं काही ना काही सतत बघत असते. परवा म्हणाली, "अभ्यास करून काय उपयोग, जग तर बुडणारच आहे." रात्री झोपत नाही. मी "सगळं ठीक होईल" म्हणते, तर जास्तच चिडते.

उत्तर: चिडणारच. तुम्ही तिची समजूत घालताय, आणि तिला वाटतंय की आईला आकडेच माहीत नाहीत.

ती एकटी नाही, हे आधी सांगा. दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांना विचारून केलेली एक पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५९ टक्क्यांनी हवामानबदलाची फार किंवा प्रचंड काळजी वाटते असं सांगितलं. त्या काळजीचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो म्हणणारे ४५ टक्क्यांहून जास्त होते. तुमची लेक त्यांच्याहून लहान आहे, पण भीती तीच. तिला वेडगळ म्हणू नका, हळवीही म्हणू नका.

दुसरं, तिला एक पूर्ण झालेली गोष्ट हवी आहे. बातम्यांत सगळ्या गोष्टी मध्येच तुटलेल्या असतात. ओझोनची सांगा, आणि घाई न करता सांगा. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की फ्रिज आणि स्प्रेच्या डब्यांतले क्लोरोफ्लुरोकार्बन वर जाऊन ओझोनचा थर खातात. कारखानदारांनी खळखळ केली. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर मोजमाप करणाऱ्यांना तिथला ओझोन वसंतात भयंकर घटलेला आढळला. दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, ही रसायनं हळूहळू बंद करायचा मॉन्ट्रियल करार झाला आणि पुढे जगातले सगळे देश त्यात आले. आता तो थर भरून येतोय. अंटार्क्टिकावर तो १९८० च्या पातळीला २०६६ च्या सुमारास पोचेल असा अंदाज आहे. तेव्हा तुमची लेक आजीच्या वयाची असेल. जखम एवढी सावकाश भरते, तरी भरते आहे. हवामानाचं काम याहून कितीतरी अवघड आहे, हेही त्याच दमात सांगा. लपवलंत तर तिला कळेल.

आणि रात्री तिच्या हातातला मोबाइल बाजूला ठेवताना तिथे दुसरं काहीतरी द्या. माझ्या वर्गात अशीच एक घाबरी मुलगी होती. तिला मी शाळेतल्या एका झाडाला पहिली पालवी कधी फुटते आणि फुलं कधी येतात, एवढंच टिपायला लावलं. पहिल्या महिन्यात वहीत काहीच नव्हतं, नुसती कळ्यांची चित्रं. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण तिचे प्रश्न बदलले. "आपलं काय होणार" ऐवजी "यंदा नऊ दिवस आधी का" असं विचारायला लागली.

महिनाभरात झोप सुधारली नाही तर समुपदेशकाकडे न्या. वही हे औषध नव्हे.

प्रश्न: मी मुख्याध्यापक आहे. ५ जूनला पर्यावरण दिन. दरवर्षी प्रभातफेरी, घोषणा, रोपं लावणं हे करतो. मुलांना प्रेरणा मिळेल असं नवीन काय करता येईल?

उत्तर: सर, मागच्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी किती जगली, ते आधी मुलांनाच मोजू द्या. आकडा लाजिरवाणा निघाला तरी फलकावर लावा. हाच तुमचा पहिला कार्यक्रम.

दुसरा म्हणजे विजेचा मीटर. आमच्या शाळेत तो जिन्याखाली होता आणि त्याच्यासमोर मोडक्या बाकांची रास. नववीच्या चार मुलांनी बाकं हलवली आणि रोज शाळा सुटताना आणि भरताना आकडा टिपायला सुरुवात केली. एक युनिट म्हणजे हजार वॉटचं उपकरण एक तास, किंवा दहा वॉटचा एलईडी दिवा शंभर तास, हे पाठ्यपुस्तकात होतंच. पहिल्यांदा ते कोणाच्या तरी कामाला आलं. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ, शाळेला कुलूप, तरी मीटर नऊ युनिट पुढे! मुलं चक्रावली. मग एकेक खोली बंद करत शोध. पाणी गार करायचं यंत्र सुट्टीभर रिकाम्या शाळेसाठी पाणी गार करत होतं. त्याचं बटण बंद करायचा मान कोणाला, यावरून भांडण झालं, ते मला सोडवावं लागलं.

घोषणा देऊन घसा बसतो. त्या चौघांना मात्र कळलं की शोधलं तर सापडतं, आणि सापडलं तर बंद करता येतं. प्रभातफेरी हवी असेल तर काढा. माझी हरकत नाही, माझे पाय दुखतात म्हणून मी येत नाही.

प्रश्न: मी दहावीत आहे. हवामानाचा अभ्यास करायचाय, पण माझं गणित कच्चं आहे. सगळे म्हणतात, तुझं काम नाही.

उत्तर: सगळे म्हणजे कोण?

गणित लागतं, खोटं सांगत नाही. पण सुरुवात बेरीज-वजाबाकीनेही होते. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. पहिला आकडा ३१३ भाग दर दहा लाखांत. मे महिन्यापर्यंत तो वाढत गेला, मग उतरायला लागला, पुन्हा चढला. यंत्र बिघडलंय की काय! पण ती होती उत्तर गोलार्धातली झाडं, उन्हाळ्यात वायू ओढून घेणारी आणि हिवाळ्यात सोडणारी. हे आकडे आजवर नोंदले जातात आणि कोणालाही फुकट मिळतात. आता ते ४२० च्या वर आहेत. बारा महिन्यांचे आकडे उतरवून घे, आलेख हाताने काढ, मग मागच्या वर्षाचा त्यावर काढ. दोन रेघांमधलं अंतर मोज. एवढं केलंस की सरासरी आणि चढ या दोन्ही गोष्टी कोणी न शिकवता समजतील.

गाय कॅलेंडर वाफेच्या यंत्रांवर काम करणारे इंजिनिअर होते. हवामान हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. १४७ केंद्रांच्या तापमानाच्या नोंदी गोळा करून, हाताने हिशेब करून, १९३८ मध्ये त्यांनी दाखवलं की पृथ्वी तापते आहे. तज्ज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही. तुझ्या "सगळ्यां"सारखेच.

प्रश्न: मी सहावीत आहे. मला रोजचं तापमान लिहून ठेवायचं आहे. थर्मामीटर खिडकीत लावू का?

उत्तर: खिडकीत नको. तिथे भिंतीचं तापमान कळेल, हवेचं नाही. उन्हातही नको, ऊन काचेला आणि पाऱ्याला तापवतं. सावलीत, भिंतीपासून लांब, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर टांग. हवामान केंद्रात पांढरी, झडपांची पेटी असते ती याचसाठी. ती थॉमस स्टीव्हन्सन यांनी बनवली, ते दीपगृहं बांधणारे इंजिनिअर होते. तुला जुन्या खोक्याला पांढरा रंग देऊन, चारी बाजूंनी भोकं पाडून चालेल.

वेळ एकच ठेव. डोळा पाऱ्याच्या रेषेत आण, वरून वाकून बघू नकोस. आजारी पडलास, गावाला गेलास, तर त्या दिवसाचा रकाना रिकामा सोड. अंदाजाने भरू नकोस, आईला विचारूनही नको. आणि पहिलं पान भरलं की त्याची नक्कल मला पाठव, रिकाम्या रकान्यांसकट.