वाचकांचे प्रश्न : ह्यूबर्ट ब्लँड यांचा संसार

प्रश्न : ‘द रेल्वे चिल्ड्रेन’च्या लेखिका एडिथ नेस्बिट यांचे पती समाजवादी पत्रकार होते, पण घरात त्यांचे वागणे निराळेच होते, असे वाचनात आले. एडिथ यांनी ते का चालवून घेतले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ह्यूबर्ट ब्लँड (१८५५–१९१४) यांनी एप्रिल १८८० मध्ये एडिथ यांच्याशी लग्न केले, तेव्हा एडिथ यांना सातवा महिना लागला होता. लग्नानंतर लवकरच ब्लँड यांना देवी आल्या आणि त्यांचा ब्रशांचा धंदा भागीदारानेच बुडवला. तेव्हा शुभेच्छापत्रे रंगवून, त्यांवर चार ओळींच्या कविता लिहून आणि मासिकांना गोष्टी देऊन घर चालवले ते एडिथ यांनी. ब्लँड लेखणीकडे वळले तेही तिच्या जोडीनेच; ‘फेबियन ब्लँड’ या सामाईक टोपणनावाने दोघांनी कादंबरी लिहिली. पुढे मँचेस्टरच्या ‘संडे क्रॉनिकल’मधील स्तंभामुळे ब्लँड यांचे नाव उत्तर इंग्लंडात घरोघरी पोचले, पण या पत्रकाराच्या उमेदवारीच्या काळाचा खर्च बायकोने सोसला होता, याचा उल्लेख करायला बरेच जण विसरतात.

जानेवारी १८८४ मध्ये फेबियन सोसायटी ही समाजवाद क्रांतीने नव्हे तर हळूहळू आणू पाहणारी ब्रिटिश संस्था स्थापन झाली त्या सभेचे अध्यक्ष ब्लँड होते आणि १९११ पर्यंत संस्थेचे खजिनदारही तेच राहिले. एका डोळ्यावर भिंग, अंगात लांब कोट अशा थाटात वावरणारे हे गृहस्थ वृत्तीने मात्र जुन्या वळणाचे होते. स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा विरोध होता. एडिथ यांची मैत्रीण आणि सोसायटीच्या सहायक चिटणीस ॲलिस होटसन त्यांच्याच घरी राहत असत. ॲलिसला ब्लँड यांच्यापासून रोझामंड (१८८६) आणि जॉन (१८९९) अशी दोन मुले झाली, आणि ती दोन्ही एडिथ यांनी आपली म्हणून वाढवली.

आता आपला ‘का’. १८५७ च्या इंग्रजी कायद्यानुसार पत्नीच्या व्यभिचारावरून पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे, आणि हा भेद १९२३ पर्यंत टिकला. तरीही एडिथ यांना निव्वळ सोशिक पत्नी ठरवणे मला पटत नाही. ज्या बाईच्या लेखणीवर घर उभे होते, तिच्याबद्दल नुसते हळहळून भागत नाही. एल्थममधील वेल हॉल या प्रशस्त घरात पाहुण्यांची सतत वर्दळ असे. मताधिकाराच्या चळवळीपासून तीही चार हात दूरच राहिली. आणि पतीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, तिने हा संसार केला. ब्लँड यांची दृष्टी शेवटी जवळजवळ गेली, तरी मजकूर सांगून लिहून घेण्याचे काम त्यांनी थांबवले नाही. १९१७ मध्ये एडिथ यांनी थॉमस टकर यांच्याशी दुसरे लग्न केले.

प्रश्न : ॲनी बेझंट याच मंडळींपैकी होत्या का? (तेच वाचक)

उत्तर : होय. सोसायटीच्या ‘फेबियन एसेज’ या १८८९ च्या निबंधसंग्रहाच्या सात लेखकांत ब्लँड आणि बेझंट दोघेही होते. बेझंट पतीपासून १८७३ मध्येच विभक्त झाल्या होत्या आणि १८७८ मध्ये न्यायालयाने मुलीचा ताबाही त्यांच्याकडून काढून घेतला होता. १८९० च्या सुमारास त्यांनी सोसायटी सोडली, थिऑसफी (सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ सत्य मानणारा पंथ) धरली आणि १८९३ मध्ये त्या भारतात आल्या.