वाचकांचे प्रश्न: हार्नेस आहे, पण खाली जागा आहे का?

आमच्याकडे 5 मीटर उंचीच्या शेडवर पत्रे बसवायचं काम आहे. सगळ्यांना फुल बॉडी हार्नेस दिलेत. हुक पायाजवळच्या पर्लिनला (पत्रे ज्यावर टेकतात त्या आडव्या लोखंडी पट्टीला) अडकवतात. एवढं पुरेसं आहे ना?
— फॅब्रिकेशन ठेकेदार, वाळूज

नाही. आधी हिशोब मांडा. दोरी 1.8 मीटरची. माणूस पडला की हुकापासून पाठीवरची डी-रिंग तेवढी खाली जाते. मग झटका झेलणारं शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं पाकीट उसवतं, ते 1.75 मीटरपर्यंत लांबू शकतं. डी-रिंगपासून तळपायापर्यंत आणखी सुमारे 1.5 मीटर. बेरीज 5.05. तुमची शेड 5 मीटरची, म्हणजे पूर्ण पाकीट उसवलं तर पाय जमिनीला लागणारच. शिवाय खाली 1 मीटर मोकळं राखायचं असतं. हुकाखाली साधारण 6 मीटर जागा हवी, आणि मध्ये मशीन, ट्रॉली, पत्र्यांची चळत काही नको.

पाकीट काढून साधी दोरी लावली तर चालेल का, असं काही ठिकाणी विचारतात. कृपा करून तसं करू नका. हे पाकीट शरीरावरचा झटका 6 किलोन्यूटनच्या (अंदाजे 600 किलोच्या भाराच्या) आत ठेवतं. ते नसेल तर माणूस दोरीवर लटकूनही कमरेत, मणक्यात मोडू शकतो.

तुमच्या उंचीला दोनच गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत. एक, पर्लिनच्या लगेच खाली सेफ्टी नेट ताणणं. दुसरी, काठावर गार्डरेल, किंवा दोरी इतकी आखूड ठेवणं की माणूस काठापर्यंत पोहोचूच शकणार नाही. पण अंथरलेल्या पत्र्याच्या पुढची उघडी जागा सरकत राहते; तिथे आखूड दोरीचं माप दर वेळी बदलावं लागतं आणि घाईत ते राहून जातं. म्हणून आमचा कौल नेटला.

झेड पर्लिनची कड धारदार असते. दोरी तिच्याभोवती गुंडाळून हुक दोरीलाच अडकवला की पट्टा तिथेच कापला जातो. वेगळी अँकर स्लिंग (पर्लिनला गुंडाळून हुक अडकवायचा पट्टा) घ्या, कडेला जाड गार्ड लावा. पाइप, केबल ट्रे किंवा पत्र्याच्या स्क्रूला हुक अडकवायचा नाही. एका माणसामागे अँकरची, म्हणजे हुक अडकवायच्या जागेची, ताकद युरोपी मानकात किमान 12 किलोन्यूटन धरतात, म्हणजे अंदाजे 1200 किलोचा भार. अमेरिकी नियम त्याहून कडक, 22.2 किलोन्यूटन. साइटवर मिळेल त्या वायर रोपची आडवी लाइफलाइनही (हुक अडकवून सरकत जायचा आडवा दोर) बांधू नका. ताणून बांधलेल्या दोरावर मध्ये माणूस पडला की दोन्ही टोकांवर त्याच्या झटक्याच्या कितीतरी पट ओढ येते. तिचं डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्यावं लागतं.

डाळमिलचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायचे आहेत. मिस्त्री म्हणतो, बोल्टच्या रेषेवर पाय टाकत चाललं की पत्रा फुटत नाही.
— लातूर

ही समजूत माणसं मारते. बोल्टजवळच पत्र्याला तडे गेलेले असतात, आणि पाय चार बोटं सरकला की खाली आधार नाही. उजेडासाठी बसवलेले फायबर पत्रे त्याहून वाईट. आपल्याकडच्या उन्हात ते काही वर्षांत ठिसूळ होतात, वर धूळ बसली किंवा रंग मारला की शेजारच्या पत्र्यापासून ओळखूही येत नाहीत. चढण्याआधी आतून वर बघून प्रत्येक फायबर पत्र्याची जागा कागदावर टिपा.

जमेल तर काम खालून, परांचीवरून किंवा सिझर लिफ्टवरून करा. वर जावंच लागलं तर 60 सेंमी रुंद फळ्या वापरा, किमान दोन, म्हणजे एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवता येते. सिमेंट पत्र्याच्या पर्लिन सहसा 1.4 मीटरपर्यंत अंतरावर असतात, त्यामुळे 3 मीटरची फळी तीन पर्लिनवर टेकते. फळी बांधा. टोक अधांतरी राहिलं तर ती उलटते. खाली नेट, आणि त्याखाली दोर बांधून रस्ता बंद.

जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रे फोडून खाली टाकू नका. पाणी मारून ओले करा, पत्रा पर्लिनला धरणारे जे-बोल्ट ग्राइंडरऐवजी बोल्ट कटरने तोडा, पत्रा अखंड उतरवा. गमछा ही धूळ अडवत नाही, योग्य फिल्टरचा मास्क लागतो.

ट्रेनिंग देतो, सह्या घेतो, तरी वर गेल्यावर हुक मोकळाच लोंबत असतो.
— रोलिंग मिलचे देखभाल अधिकारी, जालना

सही म्हणजे हजेरी. आठ-दहा जणांची तुकडी घ्या, अर्धा दिवस द्या. बिहार-ओडिशाचे कामगार असतील तर हिंदीत बोला. प्रत्येकाने हार्नेस स्वतः घालावा, जोडीदाराने तपासावा: मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये, डी-रिंग दोन खांद्यांच्या मध्ये यावी. मग जमिनीपासून 30 सेंमी वर, प्रशिक्षकासमोर, दोन मिनिटं लटकवा. सैल पट्टा कुठे कापतो हे तेव्हा अंगाला कळतं. पुढे दोन हुकांची दोरी देऊन खांब ओलांडायला लावा, एक हुक कायम अडकलेला. शेवटी पाच अँकर दाखवा, त्यातले दोन मुद्दाम चुकीचे, आणि ओळखायला सांगा.

हुक मोकळा राहण्याचं कारण बरेचदा आळस नसतो. जिथे काम आहे तिथे अडकवायला जागाच नसते. पंधरा दिवसांनी वर जाऊन तेवढंच बघा. क्रेन गर्डरवर काम असेल तर ईओटी क्रेनची (त्या गर्डरवरून धावणाऱ्या विजेच्या क्रेनची) वीज बंद करून कुलूप लावा, किल्ली वरच्या माणसाच्या खिशात.

बेल्ट कधी टाकून द्यायचा?
— नांदेड

एकदा कुणी पडला की लगेच, दिसायला कितीही चांगला असो. पाकिटाची शिवण उसवली, पट्ट्यावर वेल्डिंगची ठिणगी किंवा अ‍ॅसिडचा डाग पडला, रंग उडून पट्टा कडक झाला, हुकाची खिटी आपोआप मिटेना, लेबल वाचता येईना, तरीही टाका. टाकताना कापून टाका, नाहीतर दुसऱ्या साइटवर पुन्हा दिसतो.

पडलेला माणूस हार्नेसला लटकला तर फायर ब्रिगेड येईपर्यंत थांबायचं?
— शेंद्रा

थांबू नका. हालचाल न करता लटकल्यास पायात रक्त साचतं, काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. प्रत्येक हार्नेसला पाय टेकवायच्या पट्ट्या लावा, म्हणजे शुद्धीत असलेला माणूस त्यात उभा राहून पाय हलवत राहतो. उतरवायचा संच, शिडी किंवा लिफ्ट कुठे आहे आणि चालवणारे दोघं कोण, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असावं. 80 किलोचं पोतं लटकवून सराव करा. उतरवल्यावर माणसाला बसवूनच ठेवायचं, ही जुनी समजूत आहे. आडवं करा, श्वास बघा, नेहमीचे प्रथमोपचार द्या, 108 ला फोन करा. तो हसत बोलत असला तरी दवाखान्यात न्याच.