इंदूर जिल्ह्यात घर, धारला मत

मतदारसंघांच्या सीमांविषयी गेल्या वेळी ओझरता उल्लेख केला आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही महूला राहतो. जिल्हा इंदूर, कलेक्टर इंदूरचे, मुलं रोज इंदूरला शिकायला जातात. खासदार मात्र धारचे. हे कोणी ठरवलं? शिवाय धारची जागा राखीव आहे, मग आमच्या मताला अर्थ काय?

आधी आकडेमोड बघू, निम्मं उत्तर तिच्यातच आहे. मध्य प्रदेशात विधानसभेच्या २३० जागा आहेत आणि लोकसभेच्या २९. म्हणजे एका खासदाराच्या वाट्याला साधारण आठ विधानसभा क्षेत्रं येतात. इंदूर जिल्ह्यात क्षेत्रं आहेत नऊ: शहरातली एक ते पाच नंबर, राऊ, देपालपूर, सांवेर आणि महू. त्यातली आठ इंदूर लोकसभेत बसली, एक उरलं. शेजारच्या धार जिल्ह्यात सात आहेत: सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी, धार आणि बदनावर. सात आणि एक आठ. ते एक म्हणजे तुमचं महू.

महूचे दोन तुकडे करून अर्धं इंदूरला, अर्धं धारला का दिलं नाही, असं एका वाचकाने विचारलं आहे. कायद्याला ते चालत नाही. विधानसभा क्षेत्र सबंधच्या सबंध एकाच लोकसभा मतदारसंघात असावं लागतं. जिल्ह्याची हद्द, भूगोल, दळणवळण, लोकांची सोय हे सगळं शक्य तितकं सांभाळावं असं परिसीमन कायदा, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखण्याचा कायदा, सांगतो. पण आकडा जुळत नसेल तेव्हा जिल्ह्याची हद्द ओलांडावीच लागते.

आजच्या रेषा न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाच्या आहेत. २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या या रेषा २००८ मध्ये लागू झाल्या. आयोगाचा आदेश लोकसभेत आणि विधानसभेत मांडला जातो, पण त्यातला काना-मात्राही सभागृहाला बदलता येत नाही. हे मला मनापासून योग्य वाटतं. ज्यांना निवडून यायचं आहे त्यांच्या हाती रेषा आखायची पेन्सिल असू नये.

आता राखीव जागेचं. धार लोकसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. म्हणजे उमेदवार त्या समाजातला हवा, मतदार कोणीही. तुमचं मत कुक्षीच्या मताइतकंच मोजलं जातं. याच महूची विधानसभेची जागा मात्र खुली आहे. उलट इंदूर लोकसभा खुली, पण तिच्या पोटातलं सांवेर अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन सभागृहांचं आरक्षण वेगवेगळं ठरतं, ते एकमेकांत मिसळू नका.

आणि तुमची मूळ तक्रार? ती खरी आहे. महूत जन्म काढलेल्या एका आजोबांनी मला मतदार चिठ्ठी दाखवली होती. वरच्या ओळीत जिल्हा इंदूर, खाली लोकसभा धार. चष्मा कपाळावर चढवून ते दोन्ही ओळींवरून बोट फिरवत राहिले. पाण्याचं, रेल्वेचं गाऱ्हाणं घेऊन इंदूरच्या खासदाराकडे जायचं ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांना मी सांगितलं तेच तुम्हाला सांगतो: तुमच्या खासदार सावित्री ठाकुर आहेत. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये त्या धारमधून निवडून आल्या, केंद्रात राज्यमंत्री आहेत. अर्ज त्यांच्या नावाने लिहा. तुमच्या मतावर निवडून आलेल्या माणसाला जाब विचारायचा हक्क तुमचा आहे, जिल्ह्याचं नाव काहीही असो.

प्रश्न : आमची कॉलनी राऊच्या बाजूला आहे. पूर्वी पंचायत होती, आता नगर निगममध्ये आलो. मग आमचं विधानसभा क्षेत्र बदललं का? शेजारी म्हणतात आपण आता 'चार नंबर'मध्ये.

नाही. शेजाऱ्यांचा घोटाळा समजण्यासारखा आहे, कारण इंदूरला आपण पत्त्यासारखा विधानसभा क्षेत्राचा नंबर सांगतो: 'आम्ही दोन नंबरवाले', 'आमचं चार नंबर'. पण वॉर्डाची रेषा वेगळी आणि विधानसभेची वेगळी. २०१४ मध्ये आसपासची २९ गावं निगमच्या हद्दीत आली आणि वॉर्ड ८५ झाले. विधानसभेची रेषा मात्र २००८ मध्ये होती तिथेच आहे. राऊ हे क्षेत्रच त्या वर्षी नव्याने झालं. त्यात राऊ गाव आहे, ग्रामीण भाग आहे आणि शहरातले काही वॉर्डही आहेत. पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीची यादी राज्य निर्वाचन आयोगाची, आमदार-खासदाराची भारत निर्वाचन आयोगाची. एका यादीत नाव सापडलं म्हणून दुसरीत असेलच असं धरून चालू नका.

वाढत्या शहरात रेषा जागच्या जागी राहिल्या की काय होतं ते बघा. राजवाड्याच्या बाजूच्या तीन नंबरमध्ये दोन लाखांच्या आत मतदार, आणि पाच नंबरमध्ये चार लाखांवर. आमदार दोघांनाही एकेकच. जुन्या पेठांमधून लोक बाहेर गेले, नवीन कॉलन्या उठल्या, रेषांना त्याचा पत्ता नाही.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. घरी 'ताईंच्या आधी' असा शब्दप्रयोग ऐकते. ताईंच्या आधी इंदूरचे खासदार कोण होते? ही जागा पहिल्यापासून भाजपचीच ना?

अजिबात नाही, आणि हे तुमच्या पिढीला माहीत असायला हवं. ताई म्हणजे सुमित्रा महाजन, त्यांच्या आधीची यादी अशी. १९५२ मध्ये, मध्य भारत हे राज्य असताना, काँग्रेसचे नंदलाल जोशी निवडून आले. १९५७ मध्ये काँग्रेसचेच कन्हैयालाल खादीवाला. आणि १९६२ मध्ये होमी दाजी! पारशी घरातला कम्युनिस्ट वकील, नोंदीत अपक्ष, मागे उभा गिरणी कामगार. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या मिलांच्या भोंग्यावर तेव्हा अर्धं शहर उठायचं. परदेशीपुऱ्याच्या चाळींतून निघणारा मोर्चा त्या काळी खासदार ठरवू शकत होता. आज त्या मिला बंद आहेत. हुकुमचंद १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांचं देणं द्यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. इंदूरची निवडणूक का बदलली, याचं एक मोठं उत्तर मला त्या थंड झालेल्या चिमण्यांत दिसतं. कामगार म्हणून एकत्र मत देणारी वस्तीच विखुरली.

१९६७ आणि १९७१ मध्ये काँग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी. ते १९७२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री झाल्यावर पोटनिवडणुकीत मजूर संघटनेचे रामसिंहभाई वर्मा आले. आणीबाणीनंतर, १९७७ मध्ये, समाजवादी कल्याण जैन. १९८० आणि १९८४ मध्ये पुन्हा सेठी, मध्यंतरी ते देशाचे गृहमंत्रीही होते.

अशा माणसासमोर १९८९ मध्ये सुमित्रा महाजन उभ्या राहिल्या. चिपळूणची माहेरवाशीण, इंदूरची सून. उपमहापौर झालेल्या, पण १९८५ ची विधानसभेची निवडणूक हरलेल्या. १९८९ च्या मतमोजणीत मी कारकून होतो. तेव्हा मशीन नव्हतं. पेट्या टेबलावर पालथ्या करायच्या, घडी उलगडून शिक्का बघायचा, ढिगात टाकायची, मग गठ्ठे बांधायचे. संध्याकाळपर्यंत बोटं शाईच्या डागांनी जांभळी झाली होती. कमळाचे गठ्ठे मावेनात म्हणून आम्ही खुर्ची ओढून घेतली. सेठी एक लाखावर मतांनी पडले. तेव्हापासून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा ताई, त्याच जागेवरून, त्याच पक्षाकडून. शेवटच्या खेपेला त्या लोकसभेच्या अध्यक्षही झाल्या.

पण आठही विजय एकाच मापाचे नव्हते. २००९ मध्ये, नव्या सीमांवरच्या पहिल्याच लोकसभेत, काँग्रेसच्या सत्यनारायण पटेल यांच्यासमोर त्या अवघ्या ११,४८० मतांनी निवडून आल्या. पाचच वर्षांनी त्याच पटेलांसमोर फरक ४,६६,९०१ झाला. रेषा त्याच, उमेदवार तेच, निकालात इतका फरक. सीमांनी सगळं ठरतं असं कोणी म्हणालं तर हे दोन आकडे पुढे करा.

प्रश्न : २०२४ मध्ये मी 'नोटा' दाबलं. आमच्यासारखी दोन लाखांवर मतं पडली म्हणे. त्यांचं पुढे काय झालं?

आकडा २,१८,६७४. देशात त्याआधी कुठल्याही लोकसभा मतदारसंघात नोटाला इतकी मतं पडली नव्हती. आधीचा उच्चांक बिहारच्या गोपालगंजचा होता, ५१,६६०. इंदूरला मतदान केलेल्यांपैकी जवळजवळ दर सातवा माणूस नोटावर गेला.

कारण तुम्हाला माहीत आहे, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिलला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्ज आधीच बाद झाला होता. काँग्रेसने मग नोटाचं बटण दाबा असा प्रचार केला. भाजपचे शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मतं मिळाली आणि ११,७५,०९२ चा फरक. बीडला २०१४ च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे यांचा सात लाखांच्या आसपासचा फरक आपण विक्रम म्हणून ऐकला होता, तो खूप मागे पडला.

तुमच्या मताचं कायद्याने काय झालं? ते मोजलं गेलं, नोंदलं गेलं, जाहीर झालं. निकालावर परिणाम शून्य. नोटा पहिल्या क्रमांकावर आला तरी उमेदवारांत ज्याला जास्त मतं तोच निवडून येतो.

म्हणून ते वाया गेलं असं मला वाटत नाही. नोटा २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला. त्याआधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर ते केंद्रावर सगळ्यांसमोर सांगावं लागे आणि नोंदवहीत तसा शेरा लिहून सही करावी लागे. सांवेरकडच्या एका शाळेत मी केंद्राधिकारी असताना एक तरुण आला आणि हळूच म्हणाला, 'मला कुणालाच द्यायचं नाही.' बाकावरचे सगळे पोलिंग एजंट मान वर करून त्याच्याकडे बघायला लागले. सही करताना त्याचा हात थरथरत होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार. तुम्ही पुठ्ठ्याच्या आडोशाला, कुणाला न कळता बटण दाबलंत. ती गुप्तता मिळवायला न्यायालयात जावं लागलं होतं. मला खंत आहे ती वेगळी: २५ लाख मतदारांच्या मतदारसंघाला दोन मोठ्या पक्षांतून निवड करायची संधीच मिळाली नाही.

प्रश्न : या रेषा आता पुन्हा कधी बदलणार?

जागांची संख्या १९७६ मध्ये गोठवली गेली. २००१ च्या ८४व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. रेषांची नवी आखणीही त्यानंतरच. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. नवी आखणी होते तेव्हा आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर बैठका घेतो. महूकरांनी, राऊकरांनी तेव्हा लेखी हरकत द्यावी. तक्रार चहाच्या टपरीवर राहिली तर ती आयोगापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : वय ७४. लोकमान्यनगरचं घर विकून मुलाकडे महूला आले. मत द्यायला इंदूरलाच जाऊ का? तिथे सगळे ओळखीचे आहेत.

आजी, ओढ कळते, पण तसं करू नका. नाव जिथे राहता तिथेच हवं, आणि एकाच ठिकाणी हवं. फॉर्म ८ भरा. पत्ता बदलायला तोच लागतो, नवीन मतदाराचा फॉर्म ६ भरू नका, नाहीतर नाव दोनदा चढेल. बीएलओ, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी, घरी येऊन फॉर्म घेतात. महूच्या पत्त्याचा पुरावा म्हणून मुलाच्या घराचं वीजबिल आणि तुमचं आधार कार्ड हाताशी ठेवा. काही अडलं तर १९५० ला फोन करा. नवी चिठ्ठी आली की तिच्यावर लोकसभा धार असेल. ती चूक नाही.