सरकारी धोरणाने कामगाराच्या तब्येतीत खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि कधीकधी एका आकड्यानेसुद्धा. आमच्या वेंगुर्ला-सावंतवाडीकडचे काजूचे कारखानेच घ्या. काजूच्या टरफलात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असलेलं तेल असतं. ते हाताला लागलं की कातडी काळी पडते, सोलते. फोडणाऱ्या बहुतेक बायका. खोबरेल किंवा एरंडेल चोळून बसतात. हातमोजे घातले की बी नीट धरता येत नाही, वेग कमी होतो आणि मजुरी किलोवर असेल तर पैसेही कमी.

आता आकडा. १९४८ च्या कारखाना कायद्यात 'कारखाना' ठरायला विजेवर चालणाऱ्या कामाला १० आणि विजेशिवायच्या कामाला २० कामगारांची अट होती. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने ती २० आणि ४० केली. म्हणजे विजेवर चालणारी, बारा बायका आणि एक बॉयलर असलेली शेड 'कारखाना' या व्याख्येतूनच निसटते, आणि कारखान्यांसाठीचे नियम तिला लागत नाहीत. (धोकादायक कामांना संख्येची अट न लावण्याची सोय संहितेत आहे, पण त्यासाठी सरकारने तशी अधिसूचना काढायला हवी.) ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विमा योजनेलाही, साधारण १० माणसं लागतात, त्यामुळे हजेरीपटावर नऊच नावं का दिसतात ते समजून घ्या!

लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांची गोष्ट वेगळी. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, कारखाना कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीने, धोक्याची माहिती मिळण्याचा आणि आरोग्याची नोंद पाहण्याचा हक्क तिथल्या कामगाराला दिला. कंत्राटी पोराला तो कोणी सांगत नाही, एवढंच.