लेन्स काढ, मग बोलू

अगं,

काल रात्री साडेबाराला लॅसिकच्या, म्हणजे लेझरनं चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनच्या, दिवाळी ऑफरचा फोटो पाठवलास आणि खाली नुसतं "ताई, करू का?" मी जागीच होते. उत्तर दिलं नाही कारण राग आला होता, तुझा नाही, माझाच.

आत्ता रिपोर्ट परत बघितला. नंबर मायनस साडेसहा, कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर, ४९८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक). साधारण ५४० च्या आसपास असतो, म्हणजे तुझा पातळच. आता हिशोब कर, अकाउंट्सवाली आहेस ना? फ्लॅपचे, म्हणजे वरचा पातळ पदर कापून उचलतात त्याचे, ११० गेले, लेझर एका नंबरला १२ ते १५ मायक्रॉन उडवतो म्हणजे नव्वदेक ते, उरले तीनशेच्या आसपास. खाली २५० तरी राहायलाच हवेत, बरेच डॉक्टर तीनशे धरूनच चालतात. म्हणजे तू काठावर. आणि हे माप घेतलं कसं, तर सकाळी लेन्स घालून ऑफिसला गेलीस, दुपारी दवाखान्यातच काढून डबीत टाकल्यास आणि मशीनला हनुवटी टेकवलीस! अगं लेन्सनं कॉर्नियाचा आकार बदलतो, सॉफ्ट असली तरी दोन आठवडे बंद ठेवून मग माप घ्यायचं असतं. आधी माप, मग तारीख. तू उलटं करतेयस.

मी पण उलटंच केलं होतं. २००८ मध्ये मला बघायला येणार होते, आई म्हणाली चष्म्याचं तोंड बरं दिसत नाही, झालं. लेन्स आदल्या दिवसापर्यंत डोळ्यात, कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. टेबलावर काही मिनिटं, दिव्याकडं बघत राहा म्हणाले, केस जळल्यासारखा वास आला, संपलं. दुसऱ्या दिवशी उठल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी पलंगावरून वाचता आली आणि मी रडले, खोटं कशाला सांगू. (स्थळ जमलं नाही ते वेगळंच.) पण रात्री खंबाटकी उतरताना समोरच्या गाडीचा दिवा म्हणजे पेटलेली फुलबाजी, आजही. पर्समध्ये ड्रॉप्स नसले तर एसीत दोन तास बसवत नाही. वाचायला चष्मा आलाच परत, तो चाळिशीचा, त्यात लेझरचा काही दोष नाही.

मग तू म्हणशील, तू केलंसच की, मला का अडवतेस. अडवत नाहीये गं! मी आज परत केलं असतं का? बहुतेक हो. उठल्या उठल्या उशाशी चष्मा चाचपडायला लागत नाही, पावसात काचा पुसायला लागत नाहीत, याची किंमत मला माहितीये. घरचे म्हणतात मला पस्तावा झालाय म्हणून मी पोरींना घाबरवते. पस्तावा ऑपरेशनचा नाहीये, घाईचा आहे. दोन्हीत फरक आहे, कुणाला पटो न पटो.

आणि ते डोळे चोळणं आधी बंद कर! परवा व्हिडिओ कॉलवर पण मुठीनं चोळत होतीस. चोळून चोळून केराटोकोनस वाढतो, कॉर्निया शंकूसारखा पुढं येतो, आणि तसल्या डोळ्यावर लॅसिक करायचीच नसते. तुझ्या कॉर्नियाच्या रंगीत नकाशात खालच्या बाजूला जरा नारिंगी, म्हणजे जास्त फुगीर, दिसतंय. लेन्समुळे असेल, नसेलही, म्हणूनच म्हणतेय, आधी माप. नीट माप आल्यावर लॅसिक नको ठरलं तर फ्लॅप न कापता वरूनच लेझर मारतात ते पीआरके होतं का, आत बसवायची लेन्स परवडते का, ते तेव्हा विचारू. डोळ्याचा मागचा पडदा मात्र काहीही केलंस तरी दर वर्षी तपासायचा, नंबर गेला तरी आतला डोळा लांबच राहतो, पडदा ताणलेलाच.

ऑफर संपतेय तर संपू दे, पुढच्या दिवाळीला परत येईल.

रविवारी जेवायला ये, चष्मा लावून. लेन्स कधी काढल्यास ती तारीख फोनमध्ये लिहून ठेव, मी दारातच विचारणार आहे. तुझ्या आईंशी मी बोलते.

ताई