पोहोचत नाही, म्हणजे रस्ताच नाही का?

पीएच.डी. करणारी मुलं माझ्याकडे हमखास आणतात ती काळजी अशी: "आकडेमोड चालू आहे, पण मुक्काम येत नाही. विषयच चुकला का?" एका विद्यार्थिनीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख न देता सांगते.

तिचा विषय सिल्टिंग म्युटेशन. सांतमितीय बीजगणित अ घ्यायचं, म्हणजे बेरीज-गुणाकार असलेली मर्यादित मितींची रचना. त्याच्या प्रोजेक्टिव्ह मोड्यूलांच्या (अ चे तुकडे समजा) कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे साखळ्यांमध्ये, 'सिल्टिंग' ऑब्जेक्ट असतात: ज्यांपासून बाकी सगळे कॉम्प्लेक्स बांधता येतात असे काही खास. अ स्वतः त्यातलाच एक, आणि अ एक स्थान सरकवून मिळणारा अ[१] हाही. त्यातला एक घटक काढून ठरलेल्या त्रिकोणाने दुसरा बसवायचा, हे म्युटेशन. असं करत अ पासून सगळ्या सिल्टिंग ऑब्जेक्टपर्यंत जाता येतं का, हा प्रश्न आइहारा आणि इयामा यांनी २०१२च्या शोधनिबंधात मांडला. हेरेडिटरी बीजगणितांसाठी (जिथे प्रोजेक्टिव्हचं प्रत्येक उपमोड्यूलही प्रोजेक्टिव्हच असतं) उत्तर 'हो' आहे, सरसकट मात्र नाही.

ती सरावाला क्रोनेकर बीजगणित घेऊन बसली होती: दोन शिरोबिंदू, एकाच दिशेचे दोन बाण, आणि प१, प२ हे दोन प्रोजेक्टिव्ह. अ पासून अ[१] पर्यंत जायचं होतं. प१ काढला की प१ → प२⊕प२ → प३, मग प४, प५… अ[१] काही येईना. झोप उडाली होती. मी विचारलं, "पहिल्या पायरीला प२ काढून बघितलास?" तिने तिथेच कागद ओढला. प२ कडून प१ कडे शून्याखेरीज मॉर्फिझमच (रचना जपणारं फलन) नाही, म्हणून प२ च्या जागी थेट प२[१]. मग प१ च्या जागी प१[१]. दोन पायऱ्यांत अ[१]! अनंत साखळी खरी होतीच, पण ती एकाच बाजूची.

"मग माझ्या मूळ उदाहरणातही असा रस्ता असेल ना, मॅडम?" ते उदाहरण मार्कोव्ह क्विव्हरचं (क्विव्हर म्हणजे बाणांची आकृती) होतं: तीन शिरोबिंदू, चक्राकार दुहेरी बाण, आणि योग्य पोटेन्शियल, म्हणजे बाणांमधले संबंध ठरवणारी राशी. इथे 'हो, असेल' म्हणून धीर देणं मला पटलं नाही. तिला म्हटलं, प्रोग्राम बंद कर आणि दोन-पदी सिल्टिंगपुरतं (जिथे साखळीत दोनच पदं असतात) बघ, प्रत्येक पायरीला काय बदलत नाही ते शोध.

तिला ते सापडलं. म्युटेशन केल्यावरही क्विव्हर मार्कोव्हचाच राहतो, म्हणून नव्या घटकाचा जी-व्हेक्टर (कोणता प्रोजेक्टिव्ह किती वेळा येतो, याची चिन्हासह यादी) म्हणजे शेजाऱ्याच्या दुपटीतून जुना वजा. सुरुवातीला प्रत्येकाच्या निर्देशकांची बेरीज १. पुढे २ वजा १, पुन्हा १. अ[१] च्या घटकांची बेरीज मात्र उणे १. म्हणजे दोन-पदी आलेखात (ऑब्जेक्ट हे बिंदू, म्युटेशन या रेषा) अ आणि अ[१] वेगळ्या तुकड्यांत आहेत. दोन-पदीच्या आत कितीही पायऱ्या चालल्या असत्या तरी ती तिथे पोहोचली नसती, आणि आता हे तिच्या हातात सिद्धतेसह होतं. अडकलेल्या विद्यार्थ्याला मी सगळ्यात आधी 'अजून मिळालं नाही' आणि 'मिळूच शकत नाही' यांतला हाच फरक दाखवते, कारण पहिल्या अवस्थेत माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

पुढच्या भेटीला ती नवा प्रश्न लिहूनच आली: दोन-पदीची अट काढली, लांब कॉम्प्लेक्समधून फिरून आलो, तर हे तुकडे जोडले जातात का? तो तिने त्याच आठवड्यात मार्गदर्शकांपुढे ठेवला.